ऊसतोडीच्या फडात चालेल अशी गरम टोपी: कापड आणि कटिंग कसं ठेवावं?

शिवणघर_कागल

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाकडे १५० टोप्यांचं काम आलंय. ११० ऊस तोडणाऱ्यांसाठी (त्यात निम्म्या बायका) आणि ४० ट्रॅक्टर ड्रायव्हरांसाठी. माल पहिल्या थंडीच्या आत द्यायचा आहे.

कामाची वेळ पहाटे चारपासून. फड नदीकाठचे, दहिवर भरपूर, आणि नऊनंतर ऊन तापतं. नमुना म्हणून सहा कळ्यांची (पाकळीसारख्या सहा तुकड्यांची) टोपी शिवली. आतून-बाहेरून पॉलिस्टर फ्लीस, वर बटण, हनुवटीखाली वेल्क्रोची पट्टी. वापरून बघणाऱ्यांच्या तक्रारी अशा: अर्ध्या तासात डोकं घामानं भिजतं, फ्लीसला पाचट आणि कुसळं चिकटतात ती झटकून जात नाहीत, मोळी डोक्यावर घेतली की टोपी डोळ्यांवर येते, आणि वेल्क्रो आठवड्यात धरायचं बंद झालं.

फ्लीस २८० जीएसएमचं (चौरस मीटरला २८० ग्रॅम) होतं. हलकं घ्यावं की कापडच बदलावं? बायकांच्या अंबाड्याचं काय करायचं? शिवायला साध्या जुकी मशीन आहेत, एक ओव्हरलॉक आहे.

पॅटर्न_मास्टर

ताई, कापड हलकं करून हे सुटणार नाही. टोपीची रचनाच बदलावी लागेल. तोडणारा माणूस वाकून कोयता चालवतो, त्याचं अंग दहा मिनिटांत तापतं. त्याला गार लागतं ते कानाला, मानेला आणि कपाळाला. टाळूवर गरम कापड घातलं की घाम येणारच. निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं जे सगळीकडे सांगतात ते धरून चालू नका. डोक्याचा पृष्ठभाग अंगाच्या साधारण एक दशांश, त्यातून उष्णताही त्याच मानानं जाते. तेव्हा फ्लीस फक्त कपाळाच्या पट्टीत आणि कान-मानेच्या पडद्यात घाला. टाळूचा भाग बाहेरून सुती ट्विल, आतून मलमल. बस्स.

घाम आणि दहिवर यांचा हिशोब कापडावरच ठरतो. पॉलिस्टर स्वतः पाणी पीत नाही (प्रमाणित हवेत वजनाच्या ०.४ टक्के ओलावा धरतं, सूत ८.५ टक्के, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास). म्हणून भिजलेलं फ्लीस झटकलं की लवकर वाळतं, पण घाम शोषत नसल्यामुळे टाळूवर चिकचिक होते. सुताचं उलटं, घाम टिपतं पण ओलं झालं की गार पडतं. म्हणून टाळूला सूत आणि कानाला फ्लीस, अशी वाटणी. फ्लीस २०० ते २२० जीएसएम पुरे, आणि एका बाजूनं गुठळ्या न धरणारं, म्हणजे दुकानात अँटी-पिल म्हणतात ते घ्या. पडद्याच्या बाहेरून घट्ट विणीचं पॉपलिन लावा. इचलकरंजीचं साधं शर्टिंग पॉपलिन चालेल. त्यावर कुसळ टिकत नाही आणि वारा अडतो. नुसतं फ्लीस वाऱ्याला जाळीसारखं आहे, त्यातून झुळूक आरपार जाते.

आता कटिंग. सहा कळ्या सोडा. टाळूवर सहा शिवणी एकत्र येतात, तिथं बारा थर आणि वर तुमचं बटण. त्याऐवजी तीन तुकडे करा: कपाळापासून मानेपर्यंत एक मधली पट्टी आणि दोन बाजू. ५८ सेंमी घेराच्या डोक्याला २ सेंमी सैल धरून तयार घेर ६०. मधली पट्टी ८ सेंमी रुंद, ३५ लांब. बाजूचा तुकडा अर्धगोल, खाली सरळ कड २२, मधे उंची ११.५. गोलाईची लांबी बरोबर ३५ भरली पाहिजे, आणि ती टिपेच्या रेषेवर मोजा, कापाच्या कडेवर नव्हे. कडेवर मोजली तर गोलाईला साधारण तीन सेंमी जास्त भरते आणि पट्टी अपुरी पडते. सगळीकडे १ सेंमी शिलाईला सोडा. ताळा करून बघा: ८ + ८ + २२ + २२ = ६०.

लहान साइजला (५५-५६ घेर) मधल्या पट्टीची रुंदी तीच ठेवा, बाजूची कड २१ करा, उंची ११ करा आणि पट्टीची लांबी ३३.५. दोनच साइज पुरतात, बाकीचं मागच्या नाडीवर सोडा. नाडी मानेच्या बाजूला १२ सेंमीच्या घरात घालायची, दोन्ही टोकं बाहेर, साध्या गाठीनं बंद. इलास्टिक घालू नका. ते दिवसभर आवळतं, कपाळावर वळ उठतो, आणि घामानं-धुण्यानं एका हंगामात ढिलं पडतं.

फड_ते_काटा

वरच्या मास्तरांचं बरोबर, पण मोळीचा विचार अजून पुरता झालेला नाही.

मोळी टोपीवर थेट बसत नाही, मधे चुंबळ (कापड गुंडाळून केलेलं कडं) असते. टोपीवर चुंबळ, चुंबळीवर मोळी. टोपी डोळ्यांवर येते त्याची कारणं दोन. एक तर फ्लीस केसांवरून आणि चुंबळीखालून घसरतं. दुसरं, सहा कळ्यांची टोपी वरून उंच राहते आणि मोळीच्या वजनानं ती उंची खाली दबली की कपाळाची कड पुढं सरकते. मास्तरांच्या मापात टोपी डोक्याला बसती होते, त्यामुळे दुसरं कारण जाईल. पहिल्यासाठी टाळूला बाहेरून खरबरीत ट्विल हवं, गुळगुळीत साटीन किंवा टफेटा अजिबात नको. मधल्या पट्टीच्या दोन शिवणी चुंबळीच्या भोकाच्या कडेला येतात, त्यांची मार्जिन दोन्हीकडं उघडून वरून ३ मिलीमीटरवर दाबटीप मारून सपाट करा. उभी राहिलेली शिवण मोळीखाली टोचतेच.

कुणी सुचवेल की टोपीला फासे लावून चुंबळ त्यात अडकवा, म्हणजे घसरणार नाही. तसं करू नका. पाय घसरला की माणूस मोळी टाकून देतो, त्या वेळी चुंबळ सुटी हवी. अडकलेली असली तर मोळीबरोबर मान ओढली जाते.

बायकांसाठी: पदर टोपीच्या वरून घेतात, त्यामुळे टोपी आत राहते आणि बाहेरची रंगीत बाजू दिसत नाही, हे धरूनच चाला. अंबाडा मानेवर असतो, म्हणून मागच्या पडद्याला मधोमध उभी चीर द्या, दोन्ही बाजू एकमेकींवर ३ सेंमी चढतील अशी. नाडीचं घरही तिथं दोन तुकड्यांत करावं लागेल. पुरुषांच्या टोपीलाही हीच चीर ठेवली तरी बिघडत नाही, वाकल्यावर पडदा पाठीवर चढत नाही. म्हणजे दोन पॅटर्न करायची गरज नाही.

कुसळांसाठी पडद्याची लांबी महत्त्वाची. मानेवर १६ सेंमी पाहिजे, सदऱ्याच्या कॉलरच्या आत खोचता आली पाहिजे. आखूड ठेवली तर पाचट काढताना कुसळं थेट मानेत जातात आणि मग दिवसभर खाज. कानावर १३ पुरे.

आणखी एक. फडाच्या कडेला शेकोटी असतेच, कधी जळीत ऊस तोडायचा असतो. पॉलिस्टर साधारण २५० अंशांच्या पुढं वितळतं. ठिणगी पडली की भोक पडतं, कड कडक होते, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. सूत काळं पडून जळतं, पण चिकटत नाही. म्हणून फ्लीस बाहेरच्या बाजूला दिसताच कामा नये. पडदा वर दुमडून बांधायची सोय ठेवणार असाल तर दुमडल्यावर फ्लीस बाहेर येतं, हे विसरू नका. दुमडायचा असेल तर आतल्या बाजूला, टोपीत सारायचा.

शिवणघर_कागल

खूप खूप आभार. घोंगडीचा तुकडा कानाच्या जागी घातला तर? पट्टणकोडोलीकडं घोंगडीचे कातरलेले तुकडे मिळतात असं कळलं. लोकर म्हणजे ओली झाली तरी गरम, आणि ठिणगीचाही प्रश्न नाही. शिवाय घेणाऱ्याला "आपल्याकडची वस्तू" म्हणून आवडेल.

लोकर_घोंगडी

चालेल, पण जशीच्या तशी नाही चालणार.

दख्खनी मेंढीची लोकर जाड असते. ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू कातडीला टोचतो, आणि घोंगडीत असे तंतू भरपूर. कान आणि मान हे तर सगळ्यात नाजूक भाग. त्यामुळे घोंगडी कधीच कातडीला लागू द्यायची नाही. आतून जुनं धुतलेलं सुती किंवा होजिअरीचं अस्तर, मधे घोंगडी, बाहेरून पॉपलिन, असे तीन थर होतील.

दुसरं म्हणजे खळ. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे नवा तुकडा ताठ असतो आणि ओला झाला की चिकट लागतो. कापण्याआधी गार पाण्यात रात्रभर भिजत घाला, दोन-तीन पाणी बदला, हातानं दाबून पिळा (पिरगळू नका), सावलीत आडवा पसरून वाळवा. या वेळी तो आटेल, आटू द्या. आधी कापून मग धुतला तर पडद्याचं माप जाईल. गरम पाणी आणि घासणं टाळा, त्यानं लोकर गोळा होऊन नमद्यासारखी घट्ट होते.

तिसरी अडचण शिवणीची. घोंगडीचा थर शिलाईत धरला तर कड भलतीच जाड होते आणि सुई तुटते. म्हणून घोंगडी कानापुरतीच घाला: ९ बाय ८ सेंमीचा, कोपरे गोल केलेला तुकडा, पडद्याच्या आत कडेपासून दीड सेंमी आत. अस्तरावर आधी चारी बाजूंनी झिगझॅग किंवा हाताचे लांब टाके घालून बसवा, मग पडदा उलटवा. पडद्याच्या शिवणीत घोंगडी येता कामा नये.

एवढं केल्यावर माझं मत विचाराल तर ११० टोप्यांना घोंगडी घालायचा खटाटोप करू नका. धुणं-वाळवणं-आटणं यात वेळ फार जातो आणि तुकड्यांची जाडी एकसारखी मिळत नाही. ड्रायव्हरांच्या ४० टोप्यांना घाला, तिथं तिची खरी किंमत कळेल. बसून असलेल्या माणसाचं अंग तापत नाही आणि त्याला वारा लागतो.

रात्रपाळी

दोन मुद्दे, दोन्ही सुरक्षेचे.

हनुवटीची पट्टी. वेल्क्रो बाद, त्यात पाचटाचा भुसा आणि फ्लीसचे तंतू भरले की संपलं. पण त्याच्या जागी नाडी बांधायला देऊ नका. हीच माणसं हंगामात गुऱ्हाळावरही जातात, चरकाजवळ गळ्यात गाठ मारलेली नाडी म्हणजे फास. ट्रॉलीच्या साखळीत, पीटीओच्या (ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार चालवणाऱ्या) फिरत्या शाफ्टजवळ तोच धोका. पट्टी टिच बटणावर ठेवा, तेही स्प्रिंगवालं मऊ, जोरात ओढ बसली की उघडलं पाहिजे. शिवल्यावर प्रत्येक टोपीला हातानं झटका देऊन बघा. रिंगवालं ताठ बटण नको. पट्टी सुटली की टोपी जाईल, जाऊ दे.

कान. पॉपलिन आणि फ्लीस असे दोन थर कानावर घट्ट बसले की मागं येणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज दबतो. अंधारात ट्रॉली रिव्हर्स येत असते. कानाच्या मधोमध पॉपलिनला धाग्यानं विणलेली ५ मिलीमीटरची तीन छिद्रं ठेवा, काज मशीनवर आयलेट काढतात तशी. आत फ्लीस सलग राहू द्या. धातूची आयलेट नको, गंजते. आणि पडदा कानावर ताणून बसवू नका, कानापुरती पोकळी राहिली तर ऐकू बरं येतं आणि गरमही जास्त राहतं, कारण ऊब धरते ती आतली थांबलेली हवाच.

परावर्तित पट्टी मागं लावा, २.५ सेंमी रुंद, चीर सोडून दोन्ही बाजूंना ८-८ सेंमी. पट्टीच्या कडेपासून २ मिलीमीटर आत टीप. मधून टीप मारू नका, चमकणारे काचेचे बारीक मणी गळतात. इस्त्री आणि ब्लीच दोन्ही वर्ज्य, हे टोपीच्या आतल्या लेबलवर लिहा. बायका वरून पदर घेतात तिथं ही पट्टी झाकली जाणार, त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी (जाकिटावर वगैरे) लागेल, टोपीनं ते काम होणार नाही. बाहेरचा रंग खाकी किंवा हिरवा तर मुळीच नको, उसात माणूस दिसत नाही. नारिंगी घ्या.

पॅटर्न_मास्टर

@रात्रपाळी बरोबर आहे, आयलेट धाग्याचीच.

ताई, आता माल आणि शिवायचा क्रम सांगतो.

११० टोप्यांचं फ्लीस: पडद्याचा तुकडा मार्जिनसह ४४ बाय १८ सेंमी, कपाळाची पट्टी २६ बाय ८. मागची चीर आणि ३ सेंमीचा चढाव याच ४४ मधून निघतो, कारण पडदा टोपीच्या कडेला ३६ सेंमीत बसतो (६० घेरातून चेहऱ्याचे २४ वजा). पन्हा (कापडाची रुंदी) १५० सेंमी धरला तर एका ओळीत तीन पडदे, १३२ सेंमी जातात, उरलेल्या १८ मध्ये कपाळाच्या पट्ट्या उभ्या बसतात. ३७ ओळी म्हणजे ६.६६ मीटर. कडेच्या रकान्यातून सुमारे ५० पट्ट्या निघतील, राहिलेल्या ६० साठी आडव्या बारा ओळी, म्हणजे आणखी ९६ सेंमी. एकूण ७.६२. साडेआठ मीटर घ्या. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला फ्लीस किलोवर मिळालं तर २२० जीएसएम, दीड मीटर पन्ह्याचा एक मीटर ३३० ग्रॅम भरतो, तेव्हा २.८ किलो. घेताना पन्हा मोजूनच घ्या. १४० सेंमी निघाला तर तीन पडदे बसतील पण कडेला ८ सेंमीच राहतात, म्हणजे पट्ट्यांचा एकच रकाना निघेल. मग ९ मीटर लागेल.

पडद्याची लांबी फ्लीसच्या आडव्या धाग्यावर टाका, ताण तिकडं आहे. उलटी-सुलटी बाजू ओळखायला कडेचा तुकडा आडवा ताणा, तो ज्या बाजूला वळतो ती उलटी. कातरायच्या आधी फ्लीस पसरून काही तास पडू द्या, गुंडाळीत ते ताणलेलं असतं.

सुई १४ नंबर, फ्लीसवर गोल टोकाची. टाका ३ मिलीमीटर. फ्लीसवर टाका बारीक केला की शिवण लाटेसारखी होते. पायाचा दाब कमी करा. पडदा शिवताना फ्लीस खाली, पॉपलिन वर. खालचे दाते फ्लीसची सैल लांबी ओढून घेतात. उलटं ठेवलंत तर पायापुढं फ्लीसची घडी साचते आणि टोकाला एक सेंमी उरतं, मग शिकाऊ बाई ते कात्रीनं छाटते आणि पडदा तिरका होतो. फ्लीसचा तुकडा सगळीकडून ३ मिलीमीटर लहान कापला तर उलटल्यावर ते कडेतून डोकावत नाही.

क्रम असा ठेवा. आधी ट्विलच्या बाजू मधल्या पट्टीला. गोलाईच्या मध्यावर आणि दोन्हीकडच्या पाव अंतरावर खाचा द्या, मध्यापासून एका टोकाकडं आणि परत मध्यापासून दुसऱ्या टोकाकडं शिवा. एका टोकापासून सुरू केलं तर शेवटी पट्टी पुढंमागं होते आणि टोपी वाकडी बसते. गोलाईच्या मार्जिनला दर दीड सेंमीवर ५ मिलीमीटर काप द्या, मगच उघडून इस्त्री आणि दाबटीप. मलमलचं टाळूचं अस्तर तसंच, पण पट्टी अर्धा सेंमी अरुंद. कपाळाची फ्लीसपट्टी अस्तरावर, खालची कड टोपीच्या कडेबरोबर. मग पडदा वेगळा तयार करून उलटवून, ५ मिलीमीटरवर दाबटीप. शेवटी तिन्ही एकत्र: ट्विल, पडदा, अस्तर. इथं चार-पाच थर येतात, म्हणून शिवल्यावर फ्लीसची मार्जिन ३ मिलीमीटरवर छाटा, मलमलची ५ वर, ट्विलची तशीच. हे केलं नाही तर कपाळावर दोरीसारखी वळकटी राहते, माणूस पहिल्याच दिवशी टोपी काढून ठेवतो. फ्लीस जोडल्यावर इस्त्री लावायची नाही, सगळी इस्त्री त्याआधी.

ड्रायव्हरांच्या टोपीला तोच पॅटर्न, पण टाळूला मलमलच्या जागी फ्लीस, आणि त्याची जाडी धरून घेर ६१ करा, म्हणजे बाजूची कड २२.५. चेहऱ्याला २० बाय १२ चा तोंडपडदा, एका बाजूला कायम शिवलेला, दुसऱ्या बाजूला टिच बटण. नाकासमोर ३ सेंमीची खाच ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ वर जाऊन चष्मा धुरकट होतो.

फड_ते_काटा

ड्रायव्हर पुढं मोटारसायकलवर हीच टोपी हेल्मेटखाली घालणार, त्याला आधीच सांगून ठेवा की नको. जाड थरावर हेल्मेट सैल बसतं. हेल्मेटखाली नुसती होजिअरीची एकपदरी टोपी.

आणि ताई, ११० एकदम कापू नका. पाच शिवा, दोन बायकांना, दोन पुरुषांना, एक ड्रायव्हरला. मोळीसकट आठवडाभर वापरू द्या, मग धुवायला सांगा. धुतल्यावर घेर मोजा. ट्विल आधी भिजवून आटवलं नसेल तर घेर एक-दीड सेंमी सहज कमी होतो, आणि मग लहान साइज कुणालाच बसत नाही.

शिवणघर_कागल

ट्विल उद्याच भिजत घालते. एकच राहिलं: नारिंगी ट्विलचा रंग मलमलवर उतरला तर?

पॅटर्न_मास्टर

ओल्या पांढऱ्या फडक्यानं ट्विल जोरात घासून बघा. फडकं रंगलं तर तो ताका परत करा. मीठ-तुरटीच्या पाण्यानं कच्चा रंग पक्का होत नाही, घामानं तो कपाळावर येणारच.